या दाजी, जेवायला

सभ्यपणाचा विकार मला लहानपणापासूनच आहे. रिक्षावाल्याने ‘नाही येणार’ म्हटलं की मी त्याला ‘काही हरकत नाही’ म्हणतो, वाण्याने फाटकी नोट हातात कोंबली की ती घडी घालून खिशात ठेवतो आणि वर त्याचेच आभार मानतो, आणि रांगेत कोणी माझ्यापुढे घुसलाच तर त्याला अवघडायला नको म्हणून अर्धं पाऊल मागे सरकतो. आमच्या हिचं म्हणणं, याला सभ्यपणा म्हणत नाहीत. काय म्हणतात ते ती पाहुण्यांसमोर सांगत नाही.

एवढ्यावर निभावलं असतं, पण निवृत्त झाल्यावर शेजारच्यांनी मला एका शिबिराला ओढून नेलं. विषय होता दैनंदिन जीवनातलं सौजन्य आणि सकारात्मकता. पांढऱ्या झब्ब्यातल्या एका सरांनी तिथे आम्हा पेन्शनरांना हसायला शिकवलं. चेहऱ्यावर सतत स्मित ठेवा, कोणाला थेट ‘नाही’ म्हणू नका, बारीकसारीक गोष्टींचेही आभार माना, आवाज चढू देऊ नका, आणि प्रत्येक प्रसंगात काहीतरी चांगलं शोधून ते बोलून दाखवा. शिवाय रोज ऐकायला म्हणून सरांच्या आवाजातलं रेकॉर्डिंग मोबाइलवर आलं : ‘मी शांत आहे. मी आनंदी आहे. सगळे माझे आहेत.’ ही पथ्यं मी इतक्या इमानाने पाळू लागलो की दूधवाल्याने एकदा हिला जिन्यात गाठून विचारलं, ‘‘वहिनी, साहेबांना कोणाला दाखवलं का?’’

अशा अवस्थेत मी सासुरवाडीच्या यात्रेला निघालो.

सासुरवाडी जुन्नर तालुक्यात, मीना नदीच्या काठी. ही मदतीला म्हणून आधीच जाऊन बसली होती, त्यामुळे वाकडेवाडीच्या स्टँडवरून एसटीत मी एकटाच चढलो. चढलो म्हणजे, ‘आधी आपण, आधी आपण’ करत सगळ्यांना वाट देऊन झाल्यावर कंडक्टरने मला आत घेतलं. खिडक्यांतून टाकलेल्या रुमालांनी सगळी बाकडी भरली होती. शेवटी एका आजींनी गाठोडं मांडीवर घेतलं आणि तिघांच्या बाकावर मला चौथा बसवलं. आजींना मंचरला उतरून घोडेगावची गाडी धरायची होती आणि तोवर माझी सगळी माहिती काढायची होती. गाव कंचं, कुणाचं जावई, पोरं किती, पगार किती होता, आता किती मिळतं, आणि एवढ्यात भागतं का. एरवी मी आक्रसून गेलो असतो, पण पथ्य होतं. प्रत्येक उत्तराला मी स्मित जोडत गेलो. राजगुरुनगर मागे पडलं तेव्हा आजी कळवळून म्हणाल्या, ‘‘पाव्हणं, दाढ दुखतीया का?’’

मग त्यांनी गाठोडं सोडून मूठभर भाजलेल्या शेंगा पुढे केल्या. मी हात जोडून म्हटलं, ‘‘थँक्यू आजी.’’

‘‘बरं, नको तर नको,’’ म्हणत त्यांनी शेंगा परत गाठोड्यात टाकल्या.

मंचरपर्यंत मी त्या शेंगांच्या वासावर आलो.

आता यात्रेचं सांगतो. आमच्याकडे पुण्यात सार्वजनिक कार्यक्रम म्हणजे खुर्च्या आणि प्रमुख पाहुण्यांना उशीर. इथे तसं नसतं. चैत्रात जुन्नर-आंबेगावच्या गावांमागून गावांना यात्रेचं अंग चढतं : सकाळी मांडवडहाळे, मग शेरणी वाटप, दुपारी घाटात बैलगाडे, रात्री छबिना आणि तमाशा, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा आखाडा. नारायणगाव हे तमाशाचं माहेरघर, विठाबाईंचं गाव. फडमालकांच्या राहुट्या तिथे लागतात आणि गावोगावचे कारभारी सुपाऱ्या द्यायला तिथेच जातात. आणि या सगळ्याच्या मुळाशी, निदान माझ्या पोटाच्या दृष्टीने, असते ती मासवडी.

नावात मासा असला तरी ही पक्की शाकाहारी. बेसन फोडणीच्या पाण्यात घेरून शिजवायचं, ओल्या फडक्यावर गरम गरमच थापायचं, त्यावर खोबरं, तीळ, खसखस, लसूण, कोथिंबीर असं सारण पसरायचं, फडक्यानेच गुंडाळी करून दाबून तिला माशाच्या पाठीसारखा उंचवटा आणायचा आणि वड्या पाडायच्या. सोबत काळ्या मसाल्याचा रस्सा आणि बाजरीची भाकरी. रस्सा असा, की पहिल्या घोटाला सकारात्मक राहता येतं. दुसऱ्याला शिबिराचा उपयोग होत नाही.

दुपारी मी देवाला निघालो. मंदिर चार हाकांवर. पण यात्रेचा दिवस, प्रत्येक घराच्या ओट्यावर पंगत, आणि जावई रस्त्याने एकटा चाललेला. पहिल्याच ओट्यावरून हाक आली, ‘‘या दाजी, जेवायला!’’ थेट ‘नाही’ म्हणायचं नाही हे पथ्य. मी म्हटलं, ‘‘हो, आवडेल की,’’ आणि चपला काढल्या. तिथलं आटोपून बाहेर पडतो तो समोरच्यांनी हाक मारली. त्यांना तरी नाराज कसं करणार? तिथून पुढे मग गल्लीच्या डाव्या अंगाची घरं आणि उजव्या अंगाची घरं यांच्यात मी कुठेही पक्षपात केला नाही. प्रत्येक ठिकाणी मी बसताना यजमानांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हलायचं. ते मला आनंदाचं वाटलं. एका घरी तर भांडी घासून पालथी घातली होती. म्हातारीने सवयीने ‘जेवायला थांबा’ म्हटलं, मी थांबलो, आणि तिच्या सुनेने मुकाट्याने पुन्हा गॅस पेटवून बेसन घेरायला घेतलं. ती फडक्यावर थापत होती आणि मी तिला शिबिरात शिकवल्याप्रमाणे प्रोत्साहन देत होतो.

देवळापर्यंत पोहोचलो तेव्हा दर्शनाला वाकता येईना.

‘‘अहो,’’ ही कपाळाला हात लावून म्हणाली, ‘‘जेवत बसलेला माणूस रस्त्याने जाणाऱ्याला बोलावतोच. आपण ‘झालंय, जेवा तुम्ही’ म्हणायचं आणि चालू लागायचं. लहान पोरालासुद्धा कळतं!’’ इतकी वर्षं हे मला कळलं नव्हतं, कारण इतकी वर्षं गल्लीतून जाताना ही शेजारी असायची आणि दोघांच्या वतीने तीच ‘झालंय’ म्हणायची. मी समजायचो, ही बिचारी उपाशीच हिंडते. या तालुक्यात आळ्याला ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे. रेड्याला वेद बोलता आले. मला ‘झालंय’ बोलता येईना.

निदान घरच्या माणसांशी तरी रीतीने वागावं म्हणून मी मेहुण्याच्या बायकोसमोर हात जोडले. पहाटेपासून बिचारी चुलीपुढे होती. म्हटलं, ‘‘वहिनी, आपले मनःपूर्वक आभार.’’ तिचा चेहरा उतरला. आत जाऊन तिने हिला विचारलेलं मला भिंतीपलीकडून ऐकू आलं, ‘‘ताई, दाजींना काय राग आला का?’’

दुपार कलल्यावर मेहुणा मला घाटात घेऊन गेला. घाट म्हणजे शर्यतीची चढती धावपट्टी. पुढे घोडी, मागे बैलगाडा, कडेला धुरळ्यात उभा गाव, आणि निवेदकाचं कानठळ्या बसवणारं ‘भिर्रर्र’. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या, 2021 च्या डिसेंबरात अटींवर परवानगी दिली आणि 2023 च्या मे महिन्यात राज्याचा कायदा ग्राह्य धरला. मधल्या वर्षांत घाटावर गवत उगवलं होतं, पण मेहुण्याने गोठ्यातल्या बैलांचा खुराक काही थांबवला नव्हता. ‘‘आज ना उद्या चालू व्हनारच की,’’ एवढाच त्याचा युक्तिवाद. मी सरांचं ‘काहीतरी चांगलं शोधा’ आठवत उभा होतो. एवढ्यात एका गाड्याचे बैल अर्ध्या वाटेत फाटले आणि गाडा लोकांकडे वळला. पळापळ झाली. मालक डोक्याला हात लावून बसला होता. मी जवळ जाऊन मृदू आवाजात म्हणालो, ‘‘प्रयत्न छान होता.’’

मेहुण्याने मला दंडाला धरून बाहेर काढलं. त्या माणसाने वर पाहिलं तेव्हा त्याच्या हातात चाबूक होता असं मेहुणा सांगतो. मी तिकडे बघितलं नाही. मी स्मितात होतो.

परतताना वाटलं, मेहुण्यालाही चार शब्द धीराचे सांगावेत, कारण नारायणगावच्या बाजारात त्याच्या टोमॅटोला तोडणीचा खर्चही सुटला नव्हता. म्हटलं, ‘‘दृष्टिकोन सकारात्मक ठेवायचा बघ.’’ तो इतका हसला की मोटारसायकल बांधावर गेली. ‘‘दाजी, टमाटं लावनारा मानूस निगेटिव असतो का? 2023 च्या जुलैत इथं 20 किलोच्या क्रेटला दोन हजाराच्या वर भाव गेला. पंचक्रोशीत लोकांनी नव्या गाड्या घेतल्या.’’

‘‘मग तुझे किती झाले?’’

‘‘आमी जूनमधीच उपटून टाकली हुती. भाव नव्हता म्हनून.’’ आणि पुन्हा हसला. या हंगामातही त्याने टोमॅटोच लावला आहे. इकडे माझ्या मुदत ठेवीचा व्याजदर पाव टक्क्याने खाली आला तेव्हा मी दोन्ही वेळचं जेवण सोडलं होतं, आणि शिबिराला मी गेलो, तो नाही.

रात्री तमाशाला मंडळी देवळापुढे बसली. पोटातल्या मासवड्या मला बसू देईनात, म्हणून मेहुण्याच्या मुलाला घेऊन मळ्यातल्या घराकडे निघालो. वाट दोन्ही बाजूंनी उसाची. या भागात कुकडी-घोडच्या धरणांचं पाणी आलं, पाण्यामागे ऊस आला आणि उसात बिबट्या राहायला आला. त्याची पिल्लं उसातच जन्मतात. माणिकडोहला पकडलेल्या बिबट्यांसाठी केंद्रच आहे. इथल्या घरांनी माणसं गमावली आहेत, लेकरं गमावली आहेत, त्यामुळे बिबट्यावर मी विनोद करणार नाही. विनोद उसाच्या अलीकडे, वाटेवर चालला होता.

पोराच्या एका हातात बॅटरी, दुसऱ्यात घुंगरू बांधलेली काठी. तो म्हणाला, ‘‘मामा, मोठ्यानं बोलत चला. आवाज आला की ते वाटंतून बाजूला होतं.’’

‘‘काय बोलू?’’

‘‘काय पण.’’

जन्मात आवाज न चढवलेल्या माणसाला हे सांगणं सोपं आहे. मी घसा खाकरला, उसाकडे तोंड केलं आणि म्हणालो, ‘‘नमस्कार.’’

‘‘मामा, मोठ्यानं!’’

‘‘लोक झोपले असतील रे,’’ मी कुजबुजलो. तेवढ्यात उसात काहीतरी सळसळलं. मग माझी बोलण्याचीच सोय राहिली नाही. मोबाइलवर गाणं लावावं म्हणून थरथरत्या बोटाने दाबलं ते नेमकं सरांवर पडलं, आणि आवाज शेवटच्या काडीपर्यंत चढलेला. ‘मी शांत आहे!’ सर उसावर गरजले. ‘मी आनंदी आहे! सगळे माझे आहेत!’ वस्तीवरची कुत्री उठली, मागोमाग गोठ्यातल्या म्हशी, मग दिवे लागले. मी बंद करायला बघत होतो, पण घामट बोटाला मोबाइल दाद देईना, आणि सर पुन्हा पहिल्यापासून शांत होऊ लागले.

‘‘कोन हाय रं तिकडं?’’ अंगणातून एका म्हाताऱ्याचा आवाज आला.

‘‘आमचं पाव्हणं हायत, पुण्याचं,’’ पोराने ओरडून सांगितलं.

म्हाताऱ्याने क्षणभर सरांचं ऐकून घेतलं. ‘‘आनंदी हायत तर मग या म्हनावं. च्या टाकतो.’’

मी सावध होतो. सगळं बळ एकवटून, खणखणीत आवाजात म्हणालो, ‘‘झालाय! घ्या तुम्ही!’’ पोराने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. अगदी तोंडपाठ उत्तर होतं, एक मात्राही चुकली नव्हती.

‘‘रातच्या बाराला कुटं झाला?’’ म्हाताऱ्याने विचारलं आणि बाज झटकून अंथरली.

चहा गुळाचा होता. मी मुद्दामच थँक्यू म्हटलं नाही. म्हणून त्यांनी आणखी एक कप ओतला.