अप्पांनी तपासला ओबामाचा पेपर

"काठावर पास. तेही ग्रेस मार्क देऊन," अप्पा कुंपणापलीकडून म्हणाले.

मी हातातलं दाताळं थांबवलं. २००९ च्या नोव्हेंबरातला रविवार, अंगणात ओकचा पाला घोट्यापर्यंत, त्यात गेल्या आठवड्यात घड्याळं मागे गेल्यामुळे पाच वाजायच्या आत अंधार. पण अप्पा निकाल घेऊन आले म्हणजे पाल्याचं काम राहिलंच. हे शेजारच्या मंदारचे वडील. पुण्यात एलआयसीत डेव्हलपमेंट ऑफिसर होते, ऑगस्टपासून इथे न्यू जर्सीत एडिसनला मुलाकडे आलेत. दिवसभर सीएनएन बघतात आणि संध्याकाळी कुंपणाशी येऊन त्याचं उट्टं काढतात.

"कोणाला पास केलंत?"

"तुमच्या ओबामाला. काल रात्री साडेअकरापर्यंत जागलो. आरोग्यविम्याचं विधेयक काय, तर २२० विरुद्ध २१५! स्वतःच्या पक्षाचे ३९ जण विरोधात, आणि समोरून आला तो एकटा लुइझियानाचा काओ. आपल्याकडे व्हिप मोडला तर खासदारकी जाते गं."

"इथे तसं नसतं अप्पा. इथे प्रत्येक जण आपल्या मतदारसंघाचा सुभेदार."

"आणि शुक्रवारी बेकारी किती निघाली? १०.२ टक्के. पॅकेज दिलं तर आठाच्या वर जाणार नाही, असं ह्यांच्याच माणसांनी लिहून दिलं होतं ना?"

अप्पांच्या लक्षात सगळं राहतं, हीच त्यांच्याशी वाद घालण्यातली अडचण. लिहून दिलं होतं खरंच. क्रिस्टिना रोमर आणि जॅरेड बर्नस्टाइन या ओबामाच्या दोन अर्थतज्ज्ञांचा तो अहवाल जानेवारीतला, त्याने शपथ घ्यायच्याही आधीचा. खड्डा किती खोल आहे ते तेव्हा कोणालाच पुरतं दिसलं नव्हतं. वर्षाच्या सुरुवातीला महिन्याला सात-सात लाख नोकऱ्या जात होत्या, सरलेल्या ऑक्टोबरात एक लाख नव्वद हजार गेल्या. घसरण मंदावली होती, पण 'कमी वेगाने घसरतोय' असं सांगून टाळ्या कोण देणार? आठाचा आकडा तेवढा गळ्यात अडकून बसला.

"पॅकेजचे ७८७ अब्ज डॉलर," अप्पा एकेक अक्षर चावत म्हणाले. "गेले कुठे?"

"तिसऱ्या हिश्श्याहून जास्त करसवलतीत गेले. तुम्हाला दिसले नाहीत, मलाही दिसले नाहीत."

याची एक गंमत आहे. बुशने २००८ मध्ये मंदी आली तेव्हा घरोघरी चेक पाठवले होते, नवराबायकोला मिळून बाराशेपर्यंत. लोकांनी ते पाकीट उघडलं, हाताळलं, आणि बऱ्याच जणांनी बँकेत टाकून दिलं. म्हणून ओबामाच्या अर्थतज्ज्ञांनी शक्कल लढवली: चेक पाठवायचाच नाही, पगारातून कापला जाणारा करच थोडा कमी करायचा. एकट्याला वर्षाला चारशे, जोडप्याला आठशे. पंधरवड्याच्या पगारात चार पैसे जास्त आले की माणूस नकळत खर्च करतो, बाजार हलतो. अर्थशास्त्र पक्कं. राजकारण मात्र कच्चं, कारण नकळत मिळालेल्या पैशाबद्दल कोणी आभार मानत नाही. आमच्या ऑफिसात विचारून पाहिलं तर करसवलत मिळाली म्हणणारं एकही माणूस निघालं नाही, आणि पगाराचा हिशोब आमच्यातल्याच एकीकडे आहे!

"म्हणजे दानही गुप्त आणि पुण्यही गुप्त," अप्पा म्हणाले. "एजंट असता तर मी त्याला पहिल्या महिन्यात सांगितलं असतं, बाबा रे, पॉलिसी विकलीस तर ग्राहकाला बॉण्ड हातात दे."

तेवढ्यात अप्पांच्या पत्नी माई चहाचे कप घेऊन डेकवरून उतरल्या. "मंगळवारी पडला ना तुमचा गव्हर्नर?" त्यांनी मला कप देता देता विचारलं. पडला. कोरझाइनसाठी ओबामा स्वतः दोन दिवस आधी कॅम्डन आणि नेवार्कला येऊन गेला, तरी क्रिस्टीने बाजी मारली. पण त्यात ओबामाचा दोष काढायला मी तयार नाही. न्यू जर्सीत घरपट्टीचं बिल ज्याने वर्षानुवर्षं भरलंय त्याला कोरझाइन का पडला ते विचारावं लागत नाही.

"ते जाऊ दे," माई म्हणाल्या. "अहो, त्या कोब्राचं विचारलंत का हिला?"

अप्पा गप्प. मंदारची नोकरी फेब्रुवारीत गेली हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. फक्त अप्पा 'तो सध्या घरूनच काम करतो' असं म्हणतात, आणि आम्हीही मान डोलावतो.

"विचारा की. ती डॉक्टरांकडे बिलिंगमध्येच आहे. तिच्यापासून काय लपवायचं?"

मग निघालं सगळं. नोकरी गेली तरी कंपनीच्या गटविम्यात दीड वर्ष राहता येतं, ती सोय म्हणजे कोब्रा. पण इतके दिवस कंपनी जो मोठा वाटा भरायची तोही आपणच भरायचा, वर दोन टक्के. मंदारच्या घराला महिन्याला बाराशे डॉलर. बेकारभत्त्यावर जगणारा माणूस बाराशे कुठून आणणार? त्या ७८७ अब्जांत हीही एक तरतूद होती: ज्यांची नोकरी मंदीत गेली त्यांच्या हप्त्याचे ६५ टक्के सरकार भरेल, नऊ महिने. मार्चपासून मंदार चारशेवीस भरतोय. मार्च ते नोव्हेंबर, मोजा बोटांवर.

"म्हणजे पुढच्या महिन्यापासून बाराशे," अप्पा म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "शुक्रवारी ओबामाने बेकारभत्त्याची मुदत वाढवली, सही केली. ह्या सवलतीची नाही वाढवली."

"वाढवतील. बोलणी चाललीत म्हणे."

"म्हणे!" विम्यात जन्म गेलेल्या माणसाने तो शब्द असा काही उच्चारला की मला पुढे बोलवेना. जरा वेळाने तेच म्हणाले, "मला एक सांग, विमा आणि नोकरी यांची गाठ घातली कोणी? मी पस्तीस वर्षं विमा विकला. माणसाची नोकरी गेली म्हणून पॉलिसी गेली असं झालं असतं तर लोकांनी मला चपलेने मारलं असतं."

गाठ घातली महायुद्धाने. १९४२ मध्ये सरकारने पगारवाढ गोठवली. कारखान्यांना माणसं हवी होती, पगार वाढवता येईना, म्हणून आमिष म्हणून विमा देऊ लागले. तो गोठवणुकीच्या बाहेर होता. पुढे १९५४ च्या करकायद्याने कंपनीने भरलेल्या हप्त्यावर कर नाही हे पक्कं केलं, आणि तात्पुरती युक्ती कायमची होऊन बसली. तेव्हा बाहेर टीव्हीवर जो तो म्हणत होता की ओबामाने आधी नोकऱ्यांचं बघायचं, आरोग्याचं नंतर. दोन्ही एकदम कशाला काढलं? म्हणणाऱ्यांचं चुकत होतं ते इथेच. मंदारला विचारा, त्याच्यासाठी हे दोन प्रश्न कधी होते? फेब्रुवारीतल्या एकाच शुक्रवारी, एकाच पाकिटातून दोन्ही आले. विम्याविना असलेल्या ४ कोटी ६३ लाखांचा आकडा २००८ चा आहे. त्यानंतर मंदारसारखे किती वाढले असतील!

बिलिंगमध्ये बसलं की हे रोज दिसतं. गेल्या आठवड्यात एका मुलाचं मनगट मोडल्याचं बिल माझ्यासमोर होतं. लावलेली रक्कम तीन हजार आठशे. विमा कंपनीने आपल्या करारातल्या दराने 'मान्य' केली अकराशे, बाकीची आम्ही मुकाट्याने खोडली. हाच मुलगा विमा नसलेल्या घरातला असता तर आईबापांच्या नावे तीन हजार आठशेचं पाकीट गेलं असतं, कारण त्यांच्या वतीने घासाघीस करणारं कोणी नाही. ज्याच्याकडे सगळ्यात कमी, त्याला भाव सगळ्यात चढा.

"पण मग ती सक्ती बरोबर आहे," अप्पा आता पूर्ण अंगात आले. "विधेयकात आहे ना, प्रत्येकाने विमा घेतलाच पाहिजे, नाहीतर उत्पन्नाच्या अडीच टक्के दंड? टीव्हीवर सगळे त्याच्या नावाने बोंबलतायत. अगं, जुना आजार असला तरी नाकारायचं नाही असा नियम केलास, तर लोक आजारी पडल्यावरच विमा घ्यायला येतील. धडधाकट माणसांचे हप्ते आले नाहीत तर कंपनी बुडेल. हे आमच्या ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी शिकवतात!"

"ओबामालाच आधी ते मान्य नव्हतं. गेल्या वर्षी हिलरी सक्ती हवी म्हणत होती आणि हा तिला विरोध करत फिरत होता."

"मग आता कळलं ना त्याला? दोन मार्क वाढव."

माईंनी मध्येच त्यांच्या रक्तदाबाची आठवण करून दिली. अप्पांच्या प्रवासी विम्यात 'आधीपासूनचे आजार वगळून' असं एक वाक्य आहे. म्हणून ऑगस्टपासून त्यांना मीठ कमी आणि सीएनएनही कमी असा हुकूम आहे. दुसरा पाळला जात नाही.

मार्क कापायचे तर मी दुसरीकडे कापीन. क्लिंटनची आरोग्यसुधारणा १९९४ मध्ये फसली, कारण सगळा आराखडा व्हाइट हाउसात बंद दाराआड झाला आणि मग काँग्रेसपुढे आदळला. ते टाळायचं म्हणून ओबामाने उलटं टोक गाठलं: तुम्हीच लिहा, मी वरून बघतो. सेनेटात मॅक्स बॉकस उन्हाळाभर सहा जणांचा गट करून समेटाची बोलणी करत बसला. हाती काय आलं, तर समितीत ऑलिंपिया स्नो यांचं एक मत. तेवढ्या वेळात बाहेर म्हाताऱ्यांना जगवायचं की नाही हे ठरवायला सरकारी मंडळं बसणार, अशी आवई उठली. मागच्या गल्लीतले गोरे आजोबा मला ऑगस्टात तावातावाने सांगत होते, सरकारने माझ्या मेडिकेअरला हात लावता कामा नये. मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा विमा, सरकारचाच आहे, हे मी दोनदा सांगून पाहिलं. त्यांची भीती अगदीच हवेतली नव्हती म्हणा, कारण या सुधारणेचा बराच पैसा मेडिकेअरच्या खर्चात कपात करूनच काढायचा होता. पण ते कोणी समोर बसून समजावलं नाही. ओबामा काँग्रेसपुढे बोलला तो सप्टेंबरात, उन्हाळा संपत आल्यावर.

आणि 'तुमचा विमा तुम्हाला आवडत असेल तर तो तुमचाच राहील' हे वाक्य त्याने बोलायला नको होतं. आमच्याकडे दर नोव्हेंबरात नवी पुस्तिका येते आणि योजना बदलते. ओबामा नव्हता तेव्हाही बदलत होती. जे आपल्या हातात नाही त्याची हमी कशाला द्यायची?

"आत्ता नापास करू नका एवढंच म्हणते," मी म्हटलं. "रेगनच्या वेळी १९८२ अखेर बेकारी १०.८ होती. दोन वर्षांनी ४९ राज्यं जिंकला तो."

"त्याला बेकारी उतरताना दाखवता आली. ह्याचा विम्याचा बाजार २०१३ ला सुरू होणार, कायदा झालाच तर. पुढच्या नोव्हेंबरात काँग्रेसची निवडणूक. तेव्हा लोकांना काय दाखवणार? विधेयकाची १,९९० पानं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अप्पांनी कप कुंपणाच्या खांबावर ठेवला. "बरं, आता सेनेट. तिथे काय?"

"साठ मतं लागतात. नाहीतर चर्चाच संपू देत नाहीत. डेमोक्रॅट अठ्ठावन्न, वर दोन अपक्ष, असे बरोबर साठ. त्यातला एक अपक्ष लीबरमन म्हणतो, सरकारी विम्याचा पर्याय ठेवलात तर मी अडवणार."

"अपक्ष!" अप्पांचा चेहरा उजळला. "पंच्याण्णवला मनोहर जोशींचं सरकार अपक्षांच्याच टेकूवर उभं होतं. कुठला हा?"

"कनेक्टिकटचा."

"हार्टफर्ड तिथेच ना? विमा कंपन्यांची पंढरी! मग तो दुसरं काय म्हणणार? अगं, सोपं आहे. त्याला काहीतरी मोठं पद देऊन टाकायचं."

"दिलंय की. गेल्या वर्षी त्याने ओबामाविरुद्ध मॅकेनचा प्रचार केला, तरी ओबामाने मोठ्या मनाने त्याची समितीची खुर्ची राहू दिली."

"निवडणूक झाल्या झाल्याच?"

"लगेच. नोव्हेंबरातच."

"काम व्हायच्या आधी?" अप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. "काप ते दोन मार्क."