एक लिटर तेल, खोलीभर सामान

मोटरसायकलचं इंजिन ऑइल जेमतेम लिटरभर. ते घरीच बदलून मजुरी वाचवायची, म्हणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये आधी जे सामान मांडलं जातं, ते रुखवताला लाजवेल: पसरट ट्रे, लांब नळीचं नरसाळं, नायट्राइलचे हातमोजे, चुंबकवाला ड्रेन बोल्ट. मोटारवाले साहेब असतील तर डिपस्टिकच्या नळीतून तेल ओढणारा पंपही. वाचलेल्या मजुरीतून ही खरेदी कधी वसूल होणार, हे विचारायचं नसतं.

सांडलवंड टाळणाऱ्या खऱ्या वस्तू मात्र कोणी मिरवत नाही. आडवा कापलेला जुना कॅन, खाली पुठ्ठा, बाजूला मूठभर लाकडी भुसा. आणि बोल्टखालचा नवा वॉशर! तो चार रुपड्यांसाठी जुनाच ठेवायचा आणि मग ठिबकणाऱ्या तेलाचं खापर कंपनीवर फोडायचं.

एवढी टापटीप करून काळं तेल शेवटी गटारात. वापरलेलं तेल 2016 च्या नियमांनुसार घातक कचरा आहे, साहेब. झाकणबंद कॅनमध्ये भरा आणि ज्याची मजुरी बुडवली त्याच गॅरेजवाल्याला विचारा. बहुतेक तो ठेवून घेईल.