डावीकडची टकटक

विरार पश्चिमेहून वसईच्या किल्ल्याकडे जायचं, तर आगाशी, निर्मळ, गिरीज असा वाडीवाडीतला रस्ता धरावा. केळीच्या बागा, मधूनच चर्चचा मनोरा, आणि गाडीच्या काचा खाली. सगळा घोळ काचा खाली केल्यानंच झाला. आगाशीचं तळं मागे पडलं आणि काकू म्हणाल्या, "अहो, माझ्या पायाशी काहीतरी वाजतंय."

"मला तर काही ऐकू येत नाही," काका म्हणाले.

गाडी दहा वर्षांची. तिच्याबद्दल काका परक्याचं ऐकून घेत नसत, मग घरच्यांचं कुठलं? पण निर्मळपर्यंत मागच्या सीटवरही मतं फुटली. भाच्याला खडखड ऐकू येत होती, त्याच्या बायकोला कुरकुर. काकू मात्र टकटकीवर ठाम. या बाबतीत मराठी फार श्रीमंत भाषा आहे. डॉक्टरपुढे 'जरा कसंतरी होतंय' एवढ्यावर भागवणारा माणूस गाडीच्या आवाजाला मात्र चार-पाच नावं ठेवतो.

आणि ती नावं निरुपयोगी नसतात. वेगाबरोबर चढत जाणारं गुणगुणणं बहुधा चाकाच्या बेअरिंगचं. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे काढताना कटकट झाली, तर एक्सलच्या जॉइंटवर संशय. रबरी बुश वाळले, की ते कण्हतात. पंचाईत एवढीच, की स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात बसवायची रचना, जी अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी इंजिनिअरच्या नावानं ओळखली जाते आणि १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मधूनही आपल्याकडे घरोघर पोचली, ती जागा वाचवते. म्हणजे सगळे सांधे चाळीतल्या बिऱ्हाडांसारखे दाटीवाटीनं. वाजतो एक, आवाज पत्र्यातून फिरतो आणि संशय शेजाऱ्यावर.

पापडीच्या अलीकडे पेव्हर ब्लॉकचा एक पट्टा लागला. टकटक टकटक टकटक. काकांनी रेडिओ मोठा केला. काकूंनी तो बंद केला.

शेवटी गॅरेज गाठलं. गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलंच नाही. "कसला आवाज ते राहू दे काका. कधी येतो ते सांगा." काकांना सांगता येईना, कारण आवाज येत नाही अशी त्यांची अधिकृत भूमिका होती. काकूंनी सगळी हकिगत सांगितली. मग गडी स्वतः स्टिअरिंगवर बसला. गाडी उभीच ठेवून त्यानं स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवलं. म्हणजे त्या खांबाचं वरचं माउंटिंग गप्प. हलका ब्रेक दाबून गचक्यांवरून नेली, टकटक तशीच. म्हणजे ब्रेकचे पॅड निर्दोष. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढली, तेव्हा जवळपास शांतता. एकच चाक खड्ड्यात घातलं आणि टक्!

"लिंक रॉड," तो म्हणाला.

पुढची दोन्ही चाकं एका आडव्या दांड्यानं जोडलेली असतात, वळणावर गाडी कलंडू नये म्हणून. दोन्ही चाकं मिळून वरखाली झाली, तर त्या दांड्याला काम नसतं. एक वर आणि एक खाली गेलं, की त्याला पीळ पडतो, आणि त्याच्या टोकाच्या लिंकचा झिजलेला बॉलजॉइंट बोलतो. मग गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर उभी राहिली (दुखणं रस्त्यावरच्या खड्ड्यात, निदान गॅरेजच्या खड्ड्यात). गड्यानं खालून लिंक हातानं हलवली. तीच टकटक. काका वाकून चाकाकडे बघत राहिले.

"जोडीनं बदला काका. उजवीपण तेवढीच चाललीय."

"वाजते ती बदल. उगाच चांगली कशाला काढायची?" काका म्हणाले. गड्यानं काकूंकडे बघितलं. काकू समोरच्या दुकानातली सुकेळी बघत होत्या.

डावी लिंक बसली आणि गाडी किल्ल्यात शिरली. किल्लाबंदराकडे जाणारा रस्ता तटबंदीच्या आतूनच जातो. चिमाजी अप्पांच्या फौजेनं १७३९ च्या मे महिन्यात हा किल्ला पोर्तुगिजांकडून घेतला, आणि इथल्या चर्चच्या घंटा पुढे नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, भीमाशंकरला टांगल्या गेल्या. काका ही हकिगत रंगवून सांगत होते. चिमाजी अप्पांच्या पुतळ्यासमोर उतरून त्यांनी नमस्कार केला, फोटो काढवून घेतला, येताना वाटेत सुकेळी घेतली. गाडी मुकाट होती. काका शीळ घालू लागले.

परतताना पुन्हा तो पेव्हर ब्लॉकचा पट्टा आला.

टक्. टक् टक्.

काकांची शीळ थांबली. त्यांनी उजव्या गुडघ्याकडे बघितलं, मग हळूच डावीकडे. काकू खिडकीवर कोपर टेकून केळीच्या बागा बघत होत्या.

"तुला काही ऐकू आलं का गं?"

"मला? नाही बाई," काकू म्हणाल्या आणि त्यांनी रेडिओ लावला.