बंद यंत्राची जनसेवा

परवा जिल्ह्यातल्या एका सरकारी इमारतीच्या मुतारीत हात वाळवायचं यंत्र दिसलं. वायर लोंबकळत होती आणि तोंडात कुणीतरी खर्ऱ्याची पन्नी कोंबलेली. तरी सवयीने खाली हात धरून उभा राहिलो, तर सफाईवाले काका म्हणाले, "साहेब, नळालेच पानी नाही, त वाळवता काय?"

लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी इंग्लंड, फ्रान्स आणि इटलीतल्या इस्पितळांची स्वच्छतागृहं तपासून २०१८ साली सांगितलं, की नीट न धुतलेल्या हातांवरचे जंतू या यंत्राच्या झोताने खोलीभर उडतात. औषधाला दाद न देणारा एमआरएसए लीड्सच्या इस्पितळात कागदी रुमालांच्या तुलनेत यंत्रांच्या ठिकाणी तिप्पट वेळा सापडला. वाचलं आणि आमच्या यंत्राविषयी आदर दाटून आला. बंद राहून ते लोकांचं आरोग्य राखतंय! चालू असलेल्या खात्यांना तरी एवढं कुठे जमतं? आणि मे महिन्यात यवतमाळात हात वाळवायला यंत्र कशाला, दाराबाहेर पाऊल टाकलं की झालं.

राहता राहिला औषधाला न जुमानणारा जंतू. तर भाऊ, न जुमानणं म्हणजे काय, हे आम्हाला लीड्सवाल्यांनी शिकवायला नको. आम्ही गुलाबी बोंडअळी पाहिली आहे. अळीला विष ठरणाऱ्या बीटी कपाशीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगरबीटी बियाणं यायचं. ते कडेने लावायचं, म्हणजे साध्या अळ्याही जगतात आणि विष पचवणाऱ्यांचंच गोत माजत नाही. आम्ही ते धुऱ्यावर फेकलं. अळी बीटी पचवायला शिकली. मग फवारणी आली. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेत जिल्ह्यातली वीसहून जास्त माणसं गेली. बोंडात अळी होतीच.

आता तोच प्रयोग पोटात चालू आहे. दोन शिंका आल्या की मेडिकलवाल्याला, "ते पाचशेवालं द्या." सर्दीच्या विषाणूला त्या अँटिबायोटिक गोळीचं काही घेणंदेणं नाही, पण मेडिकलवाल्याला आहे. तीनातली एक खायची, बरं वाटलं की उरलेल्या दोन डब्यात. पाहुण्यारावळ्यांना कामी येतात. जंतू आपला निवांत तालीम करतो.

त्या गोळ्यांच्या पत्त्याच्या पाठीवर एक उभी लाल रेघ असते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असा तिचा अर्थ. मुतारीच्या नळाला पाणी कधी येईल ते मोठ्या साहेबांना विचारा. पण आज रात्री घरातला गोळ्यांचा डबा तेवढा उघडून बघा, लाल रेघेचे अर्धे पत्ते किती निघतात ते.