माउस एकाकडे, अक्कल सगळ्यांकडे

१९९९ मध्ये शिक्षण-संशोधक सुगत मित्रा यांनी दिल्लीत कालकाजीला आपल्या कचेरीच्या भिंतीला भोक पाडून संगणक बसवला. पलीकडे झोपडपट्टी. ना गुरुजी, ना घंटा. एका पोराने ताबा घेतला, बाकीच्यांनी मागून ‘अरे तिथे नको, इथे दाब’ सुरू केलं आणि बघता बघता टोळी शिकली. दांडग्यांनी लहानग्यांना आणि मुलींना कोपराने मागे सारल्याची टीकाही पुढे झाली; म्हणजे सहकाराचा अभ्यासक्रम अगदी पूर्ण! २०१३ मध्ये मित्रा यांना ‘टेड’ या व्याख्यानं भरवणाऱ्या संस्थेचं दहा लाख डॉलरचं पारितोषिक मिळालं.

यातून आपण काय शिकलो? संगणक खरेदी करायचे असतात, हे.

त्यामुळे आता शाळेत डिजिटल वर्ग आहे आणि त्याला भक्कम कुलूप आहे. किल्ली मुख्याध्यापकांकडे, मुख्याध्यापक मीटिंगला. उद्घाटनाचं कुंकू पडद्याच्या कोपऱ्यावर अजून ताजं. वर्ग उघडलाच, तर प्रत्येकाला वेगळा टॅब, कानाला हेडफोन आणि फळ्यावर सुविचारासारखं ‘चला, गटात शिकूया’. शेजाऱ्याच्या टॅबमध्ये डोकावलं तर कॉपी, बोललं तर दंगा. अहवालात मात्र ‘सहयोगी अध्ययन : उत्तम’, सोबत फोटो.

बाई रेंज शोधायला व्हरांड्यात गेल्या, की खरा तास सुरू होतो. एक पासवर्ड सांगतो, दुसरी गेम लावते, तिसरा दाराशी पहाऱ्याला. पाळ्यासुद्धा ठरलेल्या. या उपक्रमाचं प्रशिक्षण शिबिर अजून कुणी घेतलेलं नाही, म्हणून तो चालू आहे.