राउटर गुंडामागे का बसला

भंडाऱ्याच्या आमच्या घरी इंटरनेट बसवायला आलेल्या मुलाने एकच प्रश्न विचारला होता, "काकाजी, वायर कुठून आत घेऊ?" राउटर कुठे ठेवू, हे त्याने विचारलं नाही. वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आली, म्हणून राउटर स्वयंपाकघराच्या फळीवर बसला. त्या फळीवर माझ्या आईच्या लग्नातला पितळेचा गुंड, दोन गंज आणि एक कोपर आहे. प्लग त्यांच्या मागे होता, म्हणून राउटरही मागे गेला. याला चौदा महिने झाले, आणि माझी तक्रार त्या चौदा महिन्यांची आहे.

आई मागच्या खोलीत असते. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला पुढे येणं जमत नाही. माझी मुलगी पुण्याला शिकते आणि रोज रात्री साडेआठला आजीशी व्हिडिओवर बोलते. पाच-सात वाक्यं झाली की चित्र थांबतं. नातीचं तोंड अर्धं उघडं राहतं, आवाज जातो. आई मोबाइल कानाशी नेते आणि विचारते, "काहून बोलत नाही वं माय?" नात रुसली, असं तिला वाटतं. नेट अडकलं हे मी तिला दर वेळी सांगतो आणि दर वेळी तिला ते खरं वाटत नाही.

मी सात वेळा तक्रार नोंदवली. सातही वेळा पलीकडून राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. मी सातही वेळा केलं. मग मोबाइलवर संदेश आला की आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. ती सुटलेली नव्हती. तक्रार करणाऱ्याला न विचारता ती सुटली असं लिहिणं मला चुकीचं वाटतं. तीनदा मुलगा घरी येऊन गेला. तिन्ही वेळा त्याने राउटरपासून हातभर अंतरावर उभं राहून मोबाइलवर वेग मोजला. "पाहा ना जी, 92 येऊन राहिलं." येत होतं, हे खरं. पण आई स्वयंपाकघरात राहत नाही. मी त्याला मागच्या खोलीत चल म्हणालो, तर तो म्हणाला, "तिथं बी रेंज फुल हाये." मोबाइलवरच्या त्या रेघा फक्त राउटरचा आवाज मोबाइलपर्यंत किती जोरात पोचतो ते दाखवतात. बोलणं किती वेळा चुकून पुन्हा पाठवावं लागतं, हे त्या दाखवत नाहीत.

शेवटी मीच मोजलं. आधी लॅपटॉप वायरने थेट राउटरला जोडला. वेग 94 आला. शंभरच्या प्लॅनला एवढाच येतो, थोडा भाग जोडणी सांभाळण्यातच जातो. म्हणजे रस्त्यावरच्या खांबापासून फळीपर्यंत दोष नव्हता, हे मला मान्य करावं लागलं. मग वाय-फायवर स्वयंपाकघराच्या दारात 44, मधल्या खोलीत कुलरच्या अलीकडे 27, कुलरच्या पलीकडे 11 आणि आईच्या खाटेजवळ 2.6. जानेवारी 2023 पासून सरकारच्या व्याख्येत किमान 2 एमबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड, त्याआधी ते 512 केबीपीएस होतं. पण ती व्याख्या कंपनीने ग्राहकाच्या जोडणीला द्यायच्या वेगाची आहे. जोडणीपासून खाटेपर्यंतच्या चाळीस फुटांबद्दल कोणताही नियम काही म्हणत नाही, आणि आमचं सगळं नुकसान त्या चाळीस फुटांत होतं.

त्या चाळीस फुटांत काय आहे, ते नीट सांगतो. सुरुवातीलाच पितळ. धातू रेडिओलहरींना आरपार जाऊ देत नाही, परत फिरवतो. आमच्या गावाला पितळनगरी म्हणतात. घराघरांतून फळीवर हंडे-गुंड ओळीने मांडलेले असतात, आणि इथे काम करणाऱ्या माणसाला हे ठाऊक असायलाच हवं. त्यानंतर कुलर. विदर्भातला कुलर म्हणजे टिनाची पेटी, आत ओल्या ताट्या, खाली टाकीभर पाणी. टिन लहर परतवतो आणि पाणी ती पिऊन टाकतं. मायक्रोवेव्ह ओव्हन साधारण वाय-फायच्याच 2.4 गिगाहर्ट्‌झच्या लहरींनी अन्नातलं पाणी तापवतो, यावरून पाण्याचं आणि या लहरीचं नातं कळावं. शेवटी आईच्या खोलीची दीड हात जाडीची जुनी भिंत. पावसाळ्यात ती ओल धरते.

बरं, हे झालं एका मोबाइलचं. लांबचा एक मोबाइल सगळ्या घराला कसा मागे ओढतो, हे मला फार उशिरा समजलं. आपल्याकडे धान खरेदी केंद्रावर काटा एक असतो आणि गाड्यांची रांग लागते. एखाद्याची पोती फाटकी निघाली की त्याचं माप होईपर्यंत मागचे सगळे थांबतात, त्यांचं धान कितीही चांगलं असो. वाय-फायचंही तसंच आहे. एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलतो. आईच्या खोलीतला मोबाइल हळू बोलतो, म्हणून काटा अडवून धरतो, आणि पुढच्या खोलीत माझ्या भावाचं ऑफिसचं काम थांबतं. तो आईला काही म्हणत नाही. मला म्हणतो.

शेजारीही या काट्यावर आहेत. माझ्या मोबाइलला घरात बसून नऊ घरांचे राउटर दिसतात. 2.4 च्या पट्ट्यात एकमेकांना न धडकणारे चॅनेल तीनच, 1, 6 आणि 11. एकाच चॅनेलवरचे राउटर निदान आळीपाळीने बोलतात. आमचा तिसऱ्यावर लावलेला होता. तो एकवरच्यांना त्रास देत होता, सहावरच्यांनाही देत होता, आणि दोघांचा गोंगाट स्वतः ऐकत होता. चौदा महिने आम्ही शेजाऱ्यांचंही नुकसान केलं, याचं मला वाईट वाटतं.

उन्हाळ्याचं वेगळं. राउटरच्या डब्यातल्या कागदावर लिहिलं आहे की तो 0 ते 40 अंशांत चालवावा. मे महिन्यात भंडाऱ्याचा पारा 44-45 वर असतो, आणि ती फळी गॅसशेजारी, टिनाच्या पडवीला लागून आहे. दुपारी दोन ते चार तो आपोआप बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. इथे विकायची वस्तू इथल्या उन्हात टिकली पाहिजे, ही अपेक्षा मला जास्त वाटत नाही.

फायबरची वायर मधल्या खोलीपर्यंत पुरणार नाही, असं मुलाने सांगितलं होतं. मग मी पंधरा मीटर लॅनची वायर आणली, कोपऱ्याकोपऱ्याने खिळे मारत नेली आणि दुसरा राउटर मधल्या दाराच्या चौकटीवर ठेवला. आईच्या खाटेवरून तो थेट दिसतो. अँटेना उभा केला, कारण तो आपल्या बाजूंना पसरवतो, टोकाच्या दिशेने जवळजवळ काही देत नाही. पहिल्या राउटरचा अँटेना बसवणाऱ्यांनी आईच्या खोलीकडे नेम धरल्यासारखा वाकवला होता. चॅनेल 11 केला. खाटेजवळ आता 38 येतं. एक रविवार आणि एक वायर लागली.

बसवताना माझ्याकडून ज्या कागदावर सही घेतली, त्यावर नाव, पत्ता, आधार आणि प्लॅन यांचे रकाने होते. घरातलं कोण कुठल्या खोलीत बसून बोलतं, याचा एक रकाना त्यावर असावा.

गुंड मी हलवला नाही. आईने हलवू दिला नाही. काल रात्री नात पाऊण तास बोलली, आणि आईने तिला मागच्या चौदा महिन्यांत कधी कधी रुसली होतीस, ते विचारून घेतलं. पाऊस लागला की कुलर खिडकीतून निघेल आणि भिंत ओल धरेल. तेव्हा मी खाटेजवळ पुन्हा मोजणार आहे.