पिशवीतले चेंडू, मुलाखतीतलं जोडपं

संभाव्यतेच्या प्रकरणात एक पिशवी असते. तिच्यात 5 लाल आणि 4 पांढरे चेंडू असतात आणि कुणीतरी न बघता हात घालून त्यातले दोन बाहेर काढत असतं. कशासाठी, ते विचारायचं नसतं. त्या चेंडूंनी कुणी खेळत नाही, ते कुणाच्या काचेवर बसत नाहीत. त्याच मुलखात 52 पत्त्यांचा कॅट नीट पिसून ठेवलेला असतो, पण रमी नाही की मेंढीकोट नाही. एकच पत्ता ओढायचा, तो बदाम किंवा राजा असण्याची शक्यता सांगायची आणि उठायचं. (13 बदाम, 4 राजे, बदामाचा राजा दोनदा मोजला गेला म्हणून एक वजा. 52 पैकी 16.)

डोंबिवलीतली, बीकॉमच्या पहिल्या वर्षाची एक मुलगी परीक्षेच्या तोंडावर या मुलखात उतरली आणि सोबतीला तिला मामा मिळाले. मामा विमा कंपनीतून निवृत्त झालेले. सगळी नोकरी मोटार विम्याच्या दाव्यांच्या टेबलावर काढलेली, त्यामुळे ‘प्रोबॅबिलिटी हा तर आपला घरचाच विषय’ असं त्यांनी जाहीर केलं आणि चष्मा शोधायला घेतला. भाचीला विषय नको होता. तिला गणितं हवी होती, तीही दोन मार्कांची आणि पाच मार्कांची अशी वेगळी करून.

खरं तर तिचा पहिला विचार हे प्रकरणच ऑप्शनला टाकायचा होता. ऑप्शनला टाकणं ही व्यवसाय संख्याशास्त्राची आपल्याकडची सर्वांत जुनी आणि विनाशिकवणीची शाखा. जुन्या प्रश्नपत्रिका पुढ्यात घ्यायच्या, अपेक्षित प्रश्नसंच चाळायचा आणि ‘हे गेल्या वर्षी आलं, म्हणजे यंदा येत नाही’ असा निकाल द्यायचा. पुस्तकं याला जुगाऱ्याचा भ्रम म्हणतात. सलग पाच वेळा छापा पडला म्हणून सहाव्या खेपेला काट्याची पाळी येत नाही. नाण्याला आठवण नसते. मामांनी हे ऐकवलंही.

“पण पेपर काढणाऱ्याला असते ना,” भाची म्हणाली. “तेही गेल्या वर्षीचा पेपर बघूनच काढतात.”

यावर मामांकडे उत्तर नव्हतं. संभाव्यतेचं गणित मांडणाऱ्या पास्कलकडेही नसतं.

शेवटी प्रकरण ऑप्शनमधून बाहेर आलं आणि नाण्यापासून सुरुवात झाली. नाणं दोनदा उडवलं तर किमान एकदा छापा येण्याची शक्यता किती? भाचीने नाणं हातात न घेताच उत्तर दिलं. पहिल्यांदाच छापा आला तर काम झालं, दुसऱ्यांदा उडवायचं कशाला? म्हणजे प्रकार तीनच: छापा, काटा मग छापा, काटा मग काटा. त्यातले दोन आपले. 2/3.

मामा खूश झाले. चुकलेल्या उत्तरावर एवढा आनंद झालेला मास्तर तिने पाहिला नव्हता. कारण असं की हेच उत्तर, याच वाटेने, द’अलांबेर या बड्या फ्रेंच गणितज्ञाने 1754 मध्ये दिलं होतं, आणि तेही कुठे खासगीत नाही तर त्या काळच्या जगप्रसिद्ध फ्रेंच ज्ञानकोशात. बरोबर उत्तर 3/4. तीन प्रकार मोजले हे ठीक, पण ते सारख्या वजनाचे नाहीत. पहिला एकटाच निम्मी जागा अडवून बसलाय. ‘पास होईन किंवा नापास होईन, म्हणजे फिफ्टी-फिफ्टी’ हे कॉलेजच्या कट्ट्यावरचं गणितही याच घराण्यातलं.

त्याच्याही शंभर वर्षं आधी, 1654 मध्ये, शेव्हालिए द मेरे या जुगाराची आवड असलेल्या गृहस्थाच्या शंका पास्कलकडे पोचल्या आणि पास्कल आणि फेर्मा या गणितज्ञांची संभाव्यतेवरची ती गाजलेली पत्रं लिहिली गेली. एक शंका अशी: एक फासा चार वेळा टाकला तर किमान एक सहा पडण्यावर पैज लावणं फायद्याचं, मग दोन फासे चोवीस वेळा टाकले तर किमान एकदा जोडीने सहा पडण्यावर पैज का बुडते? हिशेब केला तर पहिली शक्यता 51.8 टक्के, दुसरी 49.1. एवढ्याशा फरकावर द मेरेचं लक्ष गेलं, याचा अर्थ तो बराच वेळ बसत असला पाहिजे. भाचीने मात्र त्याच्या दुःखातून नेमकं कामाचं तेवढं उचललं: ‘किमान एक’ दिसलं की ‘एकही नाही’ काढायचं आणि 1 मधून वजा करायचं. वहीच्या समासात तिने लाल चौकट आखली.

या प्रकरणातली आकडेमोड अपूर्णांकांपलीकडे फारशी जात नाही. माणूस अडखळतो तो बारक्या शब्दांवर. पिशवीतले दोन्ही चेंडू लाल निघण्याची शक्यता पहिला चेंडू परत न ठेवता 5/18, आणि परत ठेवला तर 25/81. सगळा मामला ‘न’ या एका अक्षराचा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी पुस्तकात ते अक्षर शोधायला जी नजर लागते, तिचे मार्क वेगळे मिळायला हवेत, असं मामांचं मत पडलं. भाचीने मान डोलावली. मार्कांच्या बाबतीत ती कुठल्याही मताला मान डोलावते.

मग आलं ते जोडपं.

या मुलखातलं हे सर्वांत जुनं बिऱ्हाड. नवरा-बायको एकाच कचेरीत, दोन जागांसाठी मुलाखतीला गेलेत. नवऱ्याची निवड होण्याची शक्यता 1/7, बायकोची 1/5. दोघंही लागण्याची शक्यता 1/35, दोघांपैकी एकच लागण्याची 2/7, कुणीच न लागण्याची 24/35. आपल्याकडच्या पुस्तकांतून या दोघांनी कॉमर्सच्या कितीतरी पिढ्या निवृत्त होताना पाहिल्या, पण त्यांचा निकाल अजून लागलेला नाही. भाचीने भराभर गुणाकार करून उत्तराखाली दोन रेघा मारल्या. मामांना तो गुणाकारच मान्य होईना. शक्यतांचा असा सरळ गुणाकार दोन घटना स्वतंत्र असतील तरच चालतो. नवरा-बायको, आणि स्वतंत्र घटना?

“अगं, लोकल चुकली तर दोघांची चुकणार. सकाळी भांडून निघाले असतील तर दोघांची मुलाखत बिघडणार. आणि कित्येक कचेऱ्या नवरा-बायको दोघांना एकत्र घेतच नाहीत, मग तुझा 1/35 कुठे राहिला?”

मामांचं हे बोलणं हवेतलं नव्हतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईतल्या गाड्या एकामागून एक पाण्याखाली गेल्या. एकाची गाडी बुडण्याचा दुसऱ्याच्या गाडीशी काही संबंध नाही, या भरवशावर विम्याचा धंदा एरवी बरा चालतो. त्या दिवशी सगळ्या स्वतंत्र घटना एकाच ढगाखाली आल्या आणि पुढे कैक दिवस मामांच्या टेबलावर रांग होती. भाचीने हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मामा, गणितात ‘इंडिपेंडंट’ लिहिलंय का बघ.”

लिहिलेलं नव्हतं.

“मग तेच धरायचं. सर म्हणालेत.”

बेजच्या प्रमेयाशी पोचल्यावर मामांचा घरचाच विषय खरोखर समोर आला. बारावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकातली एक विमा कंपनी 2000 स्कूटरचालक, 4000 कारचालक आणि 6000 ट्रकचालकांचा विमा उतरवते. अपघाताच्या शक्यता अनुक्रमे 0.01, 0.03 आणि 0.15. एकाला अपघात झालाय. तो स्कूटरवाला असण्याची शक्यता किती? स्कूटरवाल्यांचे 20, कारवाल्यांचे 120, ट्रकवाल्यांचे 900, एकूण 1040. त्यात 20 म्हणजे 1/52. नीट पिसलेल्या कॅटमधून नेमका इस्पिकचा एक्का निघण्याएवढी.

मामा उसळले. ज्या माणसाने उभी हयात दुचाक्यांचे दावे हाताळले, त्याला स्कूटरवाला एवढा सुरक्षित कसा वाटावा? त्यांनी रस्ते वाहतूक मंत्रालयाचा 2022 चा अहवाल काढला: देशातल्या रस्ते अपघातांत गेलेल्यांपैकी 44 टक्क्यांहून अधिक लोक दुचाकीवरचे.

“पण मामा, मुळात दुचाक्याच जास्त असतील ना रस्त्यावर?” भाची पेन्सिलला टोक काढत म्हणाली. “पुस्तकातल्या कंपनीकडे ट्रक तिप्पट आहेत. तुझ्याकडे उलटं असणार. तुझ्या टेबलावर कोण आलं, यावरून कोणाला धोका किती ते कळत नाही. आधी कोण किती होते, ते घ्यावं लागतं.”

बेजचं प्रमेय यापेक्षा सोप्या शब्दांत निदान डोंबिवलीत तरी कुणी सांगितलेलं नसावं. मामांनी अहवाल मिटला आणि चहा टाकायला ते स्वतःच उठले.

चहा होईपर्यंत पुढच्या गणितातलं टपाल आलं. पत्र टाटानगरहून आलंय की कलकत्त्याहून ते ठाऊक नाही, शिक्क्यातली ‘टी’ आणि ‘ए’ ही लागोपाठची दोनच इंग्रजी अक्षरं दिसतात. टाटानगरची शक्यता 7/11. हेच पत्र हॉल आणि नाईट यांच्या 1887 च्या बीजगणितात लंडन की क्लिफ्टन अशा पेचात पडलं होतं. साहेब गेला, पत्राचा पत्ता बदलला, शिक्का मात्र तसाच अर्धवट.

मामांच्या स्वभावाला खरा साजेसा माणूस महाभारतात आहे. वनपर्वातल्या नलोपाख्यानात राजा ऋतुपर्ण धावत्या रथातून एका बेहड्याच्या झाडाकडे बघतो आणि दोन फांद्यांवर 2095 फळं आहेत असं सांगून टाकतो. सारथ्याच्या वेषातला नल रथ थांबवतो. राजाला दमयंतीच्या स्वयंवराला वेळेत पोचायचंय, तरी हा झाड तोडून फळं मोजायला बसतो. आकडा जुळतो. मग ऋतुपर्ण त्याला फाशांची विद्या देतो. बघून केलेला अंदाज आणि फाशांचं ज्ञान ही एकाच घरातली विद्या आहे, हे त्या कथाकाराला ठाऊक होतं. पण मामांना त्यात भावला तो झाड तोडणारा.

म्हणून शेवटच्या गणिताला ते अडून बसले. लीप वर्षात 53 रविवार येण्याची शक्यता किती? 366 दिवस, म्हणजे 52 आठवडे आणि वर दोन दिवस. त्या दोन दिवसांच्या जोड्या सात, त्यांतल्या दोन जोड्यांत रविवार. उत्तर 2/7, भाचीने तोंडीच सांगितलं. मामा म्हणाले, सातही जोड्या सारख्याच वेळा येतात हे तुला कुणी सांगितलं? 400 वर्षांत 1,46,097 दिवस. त्यांना सातने पूर्ण भाग जातो, 20,871 आठवडे. म्हणजे दर 400 वर्षांनी आपलं कॅलेंडर वारांसकट पहिल्यापासून सुरू होतं. त्या 400 वर्षांत लीप वर्षं 97, आणि 97 ला काही सातने भाग जात नाही. मामांनी कागद घेतला, शतकं मांडली, 1900 लीप नव्हतं आणि 2000 होतं ही खूणगाठ बांधली आणि वर्षं मोजायला लागले. जेवणाची ताटं मांडली तरी ते एकविसाव्या शतकातच होते. अखेर आकडा निघाला: 53 रविवारांची लीप वर्षं 28. शक्यता 28/97, म्हणजे 0.2887. पुस्तकाचं 2/7 म्हणजे 0.2857. पुस्तक चूक!

भाचीने कागद उलटसुलट पाहिला. कौतुकानेच पाहिला.

“किती मार्कांना आहे हे?”

“दोन.”

“मग दोन सप्तमांशच लिहिते,” ती म्हणाली आणि पान उलटलं.